कोपरा फाडलेलं कार्ड आधी पोचतं

मुलाच्या मरणाचं कार्ड तुमच्या घरी आलं, आणि चार दिवसांनी त्याच मुलाच्या हातचं पत्र ताज्या तारखेचा शिक्का घेऊन दारात आलं, तर तुम्ही कार्डावर विश्वास ठेवाल की शिक्क्यावर?

उत्तराची घाई करू नका. मी पोस्टमन आहे, आणि माझं उत्तर चुकलं होतं.

या दिवाळी अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे 'पोस्टमनचे गमतीदार अनुभव' मागितले होते. गमती पुष्कळ आहेत. भिवंडीतले पत्ते हीच एक गंमत. 'पाण्याच्या टाकीपासून चार लूम सोडून, जिथे लंगडा कुत्रा बसतो' असा पत्ता मी स्वतः शोधून काढलेला आहे. कुत्रा मेला होता, पण पत्र पोचलं. नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं मुलाखत होऊन गेल्यावर हातात पडलं, तेव्हा एका पदवीधराने ते पत्र मलाच परत देऊन सांगितलं होतं, "भाऊ, आता तूच जाऊन ये." आम्ही दोघंही हसलो होतो. आज मला त्या हसण्याची लाज वाटते. म्हणून गमती बाजूला ठेवतो आणि चांगुणामावशींची हकिगत लिहितो.

माझे बाबा निजामपुऱ्यातल्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. बुद्धविहारातल्या सभेची, कामगारांच्या संपाची, पाण्याच्या मोर्चाची पत्रकं शाई वाळायच्या आत घरी यायची. मी अक्षरओळख त्या पत्रकांवर केली. त्यामुळे छापलेल्या अक्षरावर माझी श्रद्धा जरा जास्तच. पोस्टात लागलो तेव्हा तारखेचा शिक्का पाहून मला घरच्यासारखं वाटलं. त्यातही बारीक खिळेच असतात, रोज सकाळी बदलायचे.

बाहेरच्या माणसाला माहीत नसतं म्हणून सांगतो. पत्रावर दोन शिक्के पडतात. पहिला जिथून ते टाकलं तिथला, दुसरा जिथे ते पोचलं तिथला. सकाळच्या मेलमोटरने थैल्या आल्या की उघडायच्या, त्याच दिवशी त्यातल्या प्रत्येक पत्रावर पोचल्याचा शिक्का मारायचा, गल्लीवार लावायचं आणि निघायचं. पहिल्या आणि दुसऱ्या शिक्क्यातलं अंतर म्हणजे पत्राचा प्रवास. दुसरा शिक्का आणि तुमचा हात यांच्यातलं अंतर म्हणजे आमचा हिशेब, आणि तो कोणीही उघड्या डोळ्यांनी वाचू शकतो.

पाच-सहा वर्षांपूर्वी, नव्वदच्या आसपास, आमच्या ऑफिसात पोस्टमनच्या दोन जागा रिकाम्या झाल्या आणि भरल्या गेल्या नाहीत. ऑफिसचं नाव लिहीत नाही. ती भाड्याची इमारतही आता उरलेली नाही, ऑफिस दुसरीकडे हललंय. माझ्याकडे कामतघरच्या माझ्या गल्ल्यांबरोबर शेजारच्याही गल्ल्या आल्या. सगळं टपाल त्याच दिवशी वाटून होणं अशक्य होतं. मग पोस्टमास्तरसाहेबांनी एक वाट काढली. जे आज वाटायला जमत नाही ते शिक्का न मारता मागच्या खोलीत ठेवायचं. टपाल हलकं असेल त्या दिवशी त्यातली एक थैली बाहेर काढायची, तिच्यावर त्या दिवसाचा शिक्का मारायचा आणि वाटायची. कागदावर आमचं ऑफिस एक दिवसही मागे नव्हतं.

मागे काय ठेवायचं हेही ठरून गेलं. रजिस्टर पत्रं आधी. मग गोदामवाल्यांची आणि कारखानदारांची पाकिटं, कारण ते लोक तक्रार करतात. चाळींमधली निळी अंतर्देशीय पत्रं मागच्या खोलीत, कारण चाळी तक्रार करत नाहीत. त्या खोलीला खिडकी नव्हती. थैल्या एकीवर एक रचलेल्या. नवी आली की वर पडायची आणि काढायची वेळ आली की वरचीच निघायची. तळातली ओढून काढायला कोणाला वेळ होता? मी त्या खोलीत जायचो तेव्हा कागद चुरचुरल्याचा बारीक आवाज येई. उंदीर असतील. मी कधी थांबून पाहिलं नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही पोस्टमन लोकांनी आपसांत पाळली होती. मरणाची बातमी लिहिलेल्या कार्डाचा एक कोपरा फाडतात, हे जुन्या माणसांना माहीत आहे. घेणाऱ्याला वाचण्याआधीच कळावं म्हणून. असं कार्ड थैलीत दिसलं की आम्ही ते बाजूला काढायचो. ते मागच्या खोलीत जात नसे, रात्रभर ऑफिसात राहत नसे. साहेबांनाही ते ठाऊक होतं आणि ते काही बोलत नसत. आम्हाला त्याचा अभिमान होता. एवढ्या अनागोंदीत माणुसकीची एक गोष्ट आम्ही सांभाळतोय असं वाटायचं.

चांगुणामावशी कामतघरच्या एका यंत्रमागाच्या, म्हणजे लूमच्या, शेडमध्ये कांडी मशीनवर होत्या. लूमच्या धोट्यात बसते ती सुताची कांडी भरायचं काम. नवरा लवकर गेलेला. एकुलता एक मुलगा जनार्दन, सगळे जना म्हणायचे. तो जॉबर होता, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा, नवीन लूम उभे करणारा. त्याच्या शेठच्या नात्यातल्या कोणी बिहारात नवी शेड टाकली होती, तिथे त्याला सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं. जाताना आईला सांगून गेला होता की दर आठवड्याला पत्र टाकीन.

महिना झाला, पत्र नाही. मी गल्लीत शिरलो की मावशी शेडच्या दारातून हात उडवून विचारायच्या. मी मान हलवून 'नाही' म्हणायचो. शेडमध्ये बोललेलं ऐकू येत नाही. तिथली माणसं ओठ वाचतात. मी ओठांनी म्हणायचो, "येईल." मला खरंच तसं वाटायचं.

मग एका मंगळवारी कार्ड आलं. कोपरा फाडलेलं. हिंदीत चार ओळी होत्या, जना ज्याच्याकडे राहत होता त्या घरमालकाच्या. कावीळ पोटात उतरली, मुलगा गेला, क्रियाकर्म इथेच उरकलं, सामान नंतर पाठवू. मी थैलीतून ते काढलं आणि इतर वाटप सोडून थेट शेडवर गेलो. मावशींनी कार्डाचा कोपरा पाहिला. कांडी मशीन चालूच होतं. मला ते ओरडून सांगावं लागलं असतं, आणि ते ओरडून सांगणं मला जमेना. मी आवाज न काढता, फक्त ओठ हलवून सांगितलं. 'जना गेला.' त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बोट फिरवून खूण केली, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. चाळीस लूम धडधडत होते आणि त्या आवाजात आम्हा दोघांमध्ये एक शब्दही झाला नाही.

असं कार्ड घरात ठेवत नाहीत. वाचून झालं की फाडून टाकतात. मावशींच्या दिराने, नामाकाकांनी, ते संध्याकाळी फाडून गटारात टाकलं.

शनिवारी टपाल लावताना माझ्या हाताला निळं अंतर्देशीय पत्र लागलं. चांगुणामावशींच्या नावाचं, जनाच्या अक्षरात. जनाचं अक्षर मी ओळखायचो. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. पाठवणाऱ्या ऑफिसचा शिक्का नुसता काळा डाग होता. आमचा शिक्का लख्ख, त्याच दिवसाचा.

मी ते घेऊन गेलो. दहाव्याची तयारी चालली होती. मीच वाचून दाखवलं, त्या घरात वाचणारा दुसरा कोणी नव्हता. अक्षर वाकडंतिकडं होतं. 'आई, उठवत नाही. पाणी कडू लागतं. नामाकाकाला पाठव.' तारीख नव्हती. जना पत्रावर तारीख कधीच घालत नसे.

मग मावशींनी विचारलं, "शिक्का कवाचा हाय?"

"आजचा," मी म्हणालो.

"मंग ते कार्ड?"

कार्ड गटारात होतं. ते मी एकट्यानेच वाचलं होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते आणि मला वाटायला लागलं की मीच चुकीचं वाचलं असेन. नाव दुसरं असेल. हिंदी अक्षर, घाई, शेडमधला अंधार. मी म्हणालो, "मावशी, शिक्का खोटं नाही बोलत."

हे वाक्य मी म्हणालो. मागची खोली मला माहीत होती. उशिराच्या पत्रांवर ताजा शिक्का मी स्वतः मारलेला होता. तरी त्या क्षणी मला ते आठवलं नाही. की आठवायचं नव्हतं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

दहावा थांबला. नामाकाका बिहारला जायला निघाले. सोमवारी गाडी होती आणि सोमवारी सकाळीच दुसरं पत्र आलं. 'कामावर जात नाही, पडून आहे, चार दिवसांत बरा होईन, काळजी करू नको.' अक्षर पहिल्यापेक्षा सरळ होतं. नामाकाका गेले नाहीत. गुरुवारी तिसरं आलं. थोडा ताप आहे, डोळे पिवळट दिसतात असं शेजारी म्हणतात, पण कामावर जातो. त्यात अक्षर आणखी सुधारलेलं. दोन्हींवर तिथला शिक्का पुन्हा काळा डागच होता.

गल्लीत बातमी पसरली की चांगुणाचा पोरगा मरून परत आला आणि दिवसेंदिवस बरा होतोय. शेजारच्या शेडमधल्या बाया दुपारच्या सुट्टीत येऊन तिच्या उंबऱ्याला हात लावून जाऊ लागल्या. एक बाई आपलं आजारी मूल घेऊन आली. मावशी कोणाशी फारसं बोलत नसत. रोज सकाळी अंघोळ करून दारात बसायच्या, आणि मी दिसलो की उठून उभ्या राहायच्या. आजवर माझ्यासाठी कोणी असं उभं राहिलं नव्हतं. मला त्या गल्लीत शिरताना थंडी भरल्यासारखं व्हायचं. भर दुपारी, उन्हात.

पुढच्या मंगळवारी चौथं पत्र, तिथला शिक्का तसाच डाग. तब्येत ठणठणीत, जेवण चांगलं, काम जोरात. आणि शेवटी, 'पडघ्याकडची ती मुलगी तू म्हणत होतीस, ती बघून ठेव. मी नाही म्हणणार नाही.'

मावशी हसल्या. मी त्यांना त्या पंधरवड्यात प्रथमच हसताना पाहिलं. "गुलाम. आता सुचतंय त्याला," त्या म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी नामाकाका पडघ्याला जाऊन आले. रविवारी मुलीकडची माणसं येणार, मुलगा नसला तरी नारळ देऊन बोलणं पक्कं करणार असं ठरलं. तिकडचा टेलिफोन नंबर कोणाला माहीत नव्हता. तार केली होती तिला उत्तर नव्हतं. पण आता उत्तराची गरज कोणाला वाटत होती?

त्या शुक्रवारी टपाल हलकं होतं. साहेबांनी मला मागची थैली आणायला सांगितली. वरची उचलताना खालची कलंडली आणि तिच्यातून पत्रं घरंगळली. त्यांत एक निळं होतं, चांगुणामावशींच्या नावाचं. त्याच्यावर आमचा शिक्का अजून पडायचा होता. पाठवणाऱ्या ऑफिसचा शिक्का या वेळी स्पष्ट होता. जना इथून गेला त्यानंतर चौथ्या दिवसाचा.

मी तिथेच थैलीवर बसलो. एकेक पत्र डोळ्यांपुढे उलटं लावलं, आणि सगळं जागेवर आलं. जना बरा होत नव्हता. तो आठवड्याआठवड्याने आजारी पडत गेला होता, आणि प्रत्येक आठवड्याचं पत्र इथे येऊन एकावर एक पडलं होतं. फक्त मरणाचं कार्ड खाली दबलं नाही, कारण ते आम्ही माणुसकीने उचललं. आम्ही शेवट आधी पोचवला आणि मग वरून खाली एकेक थर काढत तिच्या पोराला जिवंत करत गेलो. त्याच्यावर रोज ताजी तारीख मारून.

मी साहेबांकडे गेलो. साहेब वाईट माणूस नव्हते. दर महिन्याला रिकाम्या जागांसाठी वर पत्र पाठवायचे आणि उत्तर येत नसे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ते पत्र उलटसुलट करून पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "हे एकच उरलंय ना? शिक्का मार, देऊन ये. पुढे पत्रं आपोआप बंद होतील. माणूस सवय करून घेतो."

"साहेब, रविवारी तिच्या पोराचं लग्न ठरतंय."

"तू सांगितलंस तर तो परत येणार आहे का?"

"नाही. पण एका जित्या मुलीचा नारळ मेलेल्याच्या नावाने फुटेल. आणि तिथे मी म्हणालोय, शिक्का खोटं बोलत नाही."

मी पत्रावर शिक्का मारला नाही, तसंच खिशात घातलं. नियमाने तो गुन्हा होता आणि तो मी केला.

शनिवारी कामतघरची वीज गेली होती. ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल की लूम बंद पडल्यावर तिथे कशी शांतता होते. कानांना दडे बसल्यासारखं होतं आणि माणसाला स्वतःच्या चपलेचा आवाज ऐकू येतो. मावशी दारात उभ्या होत्या. मी म्हणालो, "मावशी, जनाची सगळी पत्रं काढा."

त्यांनी फडताळातून चारही आणली. मी खाली बसलो आणि पाचवं खिशातून काढलं. सगळ्यांत आधी तेच ठेवलं, मग त्याच्यापुढे लग्नाचं, मग तापाचं, मग पडून असल्याचं, मग पाणी कडू लागण्याचं. एका ओळीत, उलगडून. काही समजावून सांगितलं नाही. मावशींना अक्षर येत नव्हतं. पण सुताचा धागा कुठे विरळ झाला ते अंधारात बोटाने ओळखणारी बाई ती. त्या वाकल्या आणि ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. अक्षर कसं सरळ सुरू होतं, मग कलतं, मग घसरतं, शेवटच्या पत्रात ओळ कागदाच्या कोपऱ्याकडे कशी पडत जाते, ते त्यांनी पाहिलं.

मग त्यांनी विचारलं, "ताप आला म्हून लिवलं, तवा हे पत्र कुटं व्हतं?"

"आमच्या ऑफिसात. मागच्या खोलीत."

"आन मी तुला रोज इचारत व्हते."

"हो."

"मंजी नामा गेला असता. मी गेली असती." हे त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तवा तू काय करत व्हतास?"

मी खरं ते सांगितलं. "गोदामवाल्यांची पाकिटं वाटत होतो."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नामाकाका पडघ्याला निरोप घेऊन गेले. दहावा झाला, दहाव्या दिवशी नव्हे, पण झाला. त्यानंतर मावशींनी मला एकदा बोलावलं आणि पाचही पत्रं वाचायला सांगितली. मी पहिल्यापासून सुरू करू लागलो तर हात धरला. "आलीत तशी वाच," म्हणाल्या. मी तशी वाचली. पाणी कडू लागण्यापासून, आगगाडीत खिडकीची जागा मिळाली आणि सुखरूप पोचलो इथपर्यंत. वाचून संपलं तेव्हा त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मला तिथे बसवेना आणि उठवेना.

त्यापुढच्या सोमवारी मी ऑफिसच्या खिडकीवर गेलो, आत नाही, बाहेरच्या बाजूला, रांगेत. तक्रारवही मागितली. ही वही प्रत्येक पोस्टात ठेवावी लागते आणि मागणाऱ्याला द्यावी लागते. बहुतेकांना ती आहे हेच माहीत नसतं. माझ्या मित्राने, खिडकीवरच्या कारकुनाने, विचारलं, "येडा झालास का रे?" मी लिहिलं. मागच्या खोलीत किती थैल्या आहेत, कोणाची पत्रं मागे राहतात, कोणाची राहत नाहीत, शिक्का कधी मारतात. खाली नाव आणि गल्लीचा पत्ता. पोस्टमन असं लिहिलं नाही. पत्रं मलाही येतात.

आठवड्याने वरून तपासनीस आले. तीन दिवस शेजारच्या ऑफिसांतली माणसं आणून ती खोली रिकामी केली. कामतघरच्या चाळींमध्ये महिन्यामहिन्यांची पत्रं एकदम पडली. त्या तीन दिवसांत कोणाकोणाच्या घरी काय काय उलटं-सुलटं पोचलं ते मी मोजलं नाही. मोजायचं धैर्य नव्हतं. साहेबांची बदली झाली. माझीही झाली, शिवाय टपाल परवानगीशिवाय हाताळल्याचा ठपका बसला. आणि वहीतली माझी तक्रार? तिच्यावर लाल शाईने आडवी रेघ मारली आणि शेरा दिला: 'तक्रारदार कर्मचारी आहे. दखल घेण्याचं कारण नाही.' खोली माझ्यामुळे उघडली, पण नोंद अशी राहिली की कोणी तक्रार केलीच नाही. तक्रार नाही म्हणजे अडचण नाही, आणि अडचण नाही म्हणजे जागा भरायची गरज नाही. त्या दोन जागा आजही रिकाम्या आहेत. आता तर दुपारचं वाटप बंद करायचं घाटत आहे, कारण कागदावर सगळं वेळेवर पोचतंय.

मी चौतीस वर्षांचा माणूस आहे, अजून नोकरीत आहे, आणि हा लेख छापल्यावर काय होईल याची मला कल्पना आहे. मी ज्या ऑफिसात आहे तिथेही एक मागची खोली आहे. बहुतेक तुमच्याही ऑफिसात असेल.

म्हणून एक करा. दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या कामाच्या दिवशी तुमच्या पोस्टाच्या खिडकीवर जा आणि तक्रारवही मागा. 'नाही' म्हणाले तर तिथून हलू नका. तुमच्या चाळीत कोणतं पत्र किती उशिरा आलं ते तुमच्या अक्षरात लिहा, नाव घाला, पत्ता घाला, तारीख घाला. वाटणाऱ्या पोस्टमनचं नाव लिहू नका, रिकाम्या जागांबद्दल लिहा. शेजाऱ्याला लिहिता येत नसेल तर त्याचंही तुम्ही लिहा आणि त्याचा अंगठा घ्या. माझ्या नावावर रेघ मारता आली. तुमच्या नावावर ती मारता येत नाही. जा, आणि लिहा.